भातशेतीतून हिमशिखरांकडे

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात डोंगर नाही. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी नदीचे पाणी वाटले जाते आणि तेथून पूर्वेला समुद्रापर्यंत जमीन इतक्या मंद उताराने खाली जाते की, पाटाच्या काठी उभा राहिलेला नवखा माणूस पाणी कोणत्या दिशेला चालले आहे हे चटकन सांगू शकत नाही. भाताची खाचरे, बांधावरची ताडामाडाची झाडे, केळीच्या बागा, एखादे तळे आणि मधूनमधून देवळाचे गोपुर, हीच कुंभकोणम, मन्नारगुडी, तिरुवारूर या मुलखातल्या गावांची ओळख. तंजावर शहर या प्रदेशाच्या दक्षिण कडेला वसले आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची फार तर दोनशे फूट.

येथल्या गावकऱ्याला पर्वत ठाऊक आहे, तो पाण्याच्या रूपाने. कोडगूच्या डोंगरात, चार हजार फुटांहून अधिक उंचीवर, तलकावेरीला ही नदी उगम पावते. जून-जुलैत तिकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो आणि इकडे, शेकडो मैल दूर, कोरड्या आभाळाखाली नदी फुगू लागते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी गावोगावच्या स्त्रिया घाटावर जाऊन नदीची पूजा करतात. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून हे पाणी सरकारी हुकुमाने सुटते. तरी आडीचा सण चुकलेला नाही. ज्या डोंगराचे दर्शन आयुष्यात घडत नाही, त्याच्या नावाने नारळ वाहायचा, असा हा रिवाज आहे.

अशा या सपाट भूमीत, हिमालयाच्या उंचीपर्यंत जाऊन पोहोचलेल्या एका फार लांबच्या प्रवासावर १८०८ मध्ये मोठे संकट ओढवले होते, असे सांगितले तर प्रथम विश्वास बसणार नाही. पण तो प्रवास पायांनी जितका झाला, तितकाच गणिताने झाला. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

विल्यम लॅम्टन हा इंग्रजांच्या तेहतिसाव्या पायदळ पलटणीतला अधिकारी. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर त्याने मद्रास सरकारपुढे एक योजना मांडली. देशाचा नकाशा रस्त्यारस्त्याने साखळी ओढून न करता त्रिकोणांनी करावयाचा. कल्पना शाळेतल्या भूमितीची आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले, म्हणजे उरलेल्या दोन बाजू न मोजता काढता येतात. मग त्यांतली प्रत्येक बाजू पुढल्या त्रिकोणाचा पाया होते. साखळी एकदाच धरायची, पुढचे सारे काम नजरेने आणि आकडेमोडीने. लॅम्टनच्या मनात नकाशापलीकडचाही एक प्रश्न होता. पृथ्वी ध्रुवांपाशी नेमकी किती चपटी आहे, हे जाणण्यासाठी त्याला विषुववृत्ताच्या जवळच्या भागातील अक्षांशाच्या एका अंशाची लांबी हवी होती.

१८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमसच्या टेकडीपाशी पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ताणून, तिच्यावर छत्र धरून, उष्णतेने ती किती वाढली याचा हिशोब करीत, सुमारे साडेसात मैलांची ही रेषा मोजण्यास सत्तावन्न दिवस लागले. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठविली होती. त्याने ती नाकारली आणि ती फिरत फिरत हिंदुस्थानात आली. कोन मोजण्याचे मोठे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनच्या विल्यम केरीने बनविले. छत्तीस इंच व्यासाचे पितळी वर्तुळ असलेले हे धूड वजनाने अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. पण पेट्यांत काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने यंत्र गौरवाच्या पत्रासह मद्रासला रवाना केले. दोन राष्ट्रे लढत असतानाची ही गोष्ट आहे. आजच्या काळात अशी पेटी परत मिळाली असती का, हा प्रश्न विचारून ठेवण्यासारखा आहे.

त्रिकोणांच्या पद्धतीत एक अट असते. या ठिकाणावरून ते ठिकाण दिसले पाहिजे. म्हैसूरच्या मुलखात टेकड्या होत्या, तेथे काम भराभर चालले. कावेरीच्या खोऱ्यात ते उतरले, तेव्हा ताडामाडांच्या पलीकडचे काही दिसेना. मग माणसाने उभारलेल्या डोंगरांचा आधार घ्यावा लागला. देवळांची गोपुरे हीच मोजणीची ठाणी झाली, आणि साहजिकच तंजावरच्या मोठ्या देवळाकडे नजर वळली.

राजराज चोळाने उभारलेले बृहदीश्वराचे हे मंदिर १०१० मध्ये पुरे झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, दोनशे फुटांहून उंच आहे आणि कित्येक मैलांवरच्या खाचरांतून दिसते. शिखरावरचा प्रचंड घुमट वर कसा नेला, याविषयी त्या भागात एक समजूत आहे. काही मैलांवरच्या सारपळ्ळम नावाच्या गावापासून शिखराच्या टोकापर्यंत मातीची उतरण बांधली आणि तिच्यावरून दगड ओढीत नेला, असे लोक सांगतात. इतिहासकार ही गोष्ट जशीच्या तशी मानीत नाहीत. पण सपाट मुलखातल्या माणसाने उंचीविषयी किती सबुरीने विचार केला होता, हे तीवरून कळते.

१८०८ चे तंजावर मराठ्यांचे होते, निदान नावाने तरी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात स्थापलेल्या या गादीवर तेव्हा दुसरे सरफोजीराजे होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजांकडे किल्ला आणि त्याच्या भोवतालची थोडी जमीन उरली होती. सत्ता गेली, पण जिज्ञासा गेली नाही. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने सरस्वती महालात हस्तलिखिते जमविली, युरोपातून शास्त्रीय उपकरणे आणविली, आणि १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत लिहवून त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविला. मराठी भाषेतील इतका मोठा शिलालेख महाराष्ट्रातही सहसा आढळत नाही. त्या अक्षरांना पाच वर्षे झाली असतील-नसतील, तोच लॅम्टनचे यंत्र तंजावरला येऊन थडकले.

अर्ध्या टनाचे यंत्र देवळाच्या उंच शिखरावर चढवायचे म्हणजे दोर, कप्पी आणि माणसांचे दंड, याखेरीज साधन नव्हते. पेटीत बंद केलेले यंत्र हळूहळू वर जाऊ लागले. ते भिंतीवर आदळू नये म्हणून बाजूने आणखी एक दोर ताणून धरला होता. मध्येच हा दोर तुटला. पेटी झोका खाऊन दगडी शिखरावर आपटली. लाकडी आवरणाने पितळ वाचले नाही. धक्का नेमका वर्तुळाच्या कडेवर बसला आणि ज्या गोलाईवर साऱ्या कोनांची भिस्त होती, ती गोलाईच बिघडली.

यंत्राचे नुकसान ही दुरुस्तीची बाब झाली. येथे त्याहून मोठी गोष्ट पणाला लागली होती. अशा मोजणीत पुढचा प्रत्येक त्रिकोण मागच्या त्रिकोणावर उभा असतो. मद्रासच्या रेषेपासून हिशोबाने काढलेली बेंगळुरूच्या पायारेषेची लांबी आणि प्रत्यक्ष साखळीने मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक पडला होता. असा लौकिक मिळविलेल्या माणसाच्या हातात आता वाकडे वर्तुळ होते. दुसरे यंत्र लंडनहून यायचे तर वर्षे जाणार, आणि या खर्चाला मुळातच नाक मुरडणारे सरकारात पुष्कळ होते.

लॅम्टनने काय केले, हे पुढे जॉर्ज एव्हरेस्टने लिहून ठेवले आहे. त्याने यंत्र खोलून सुटे केले, स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि निवडक मदतनिसांखेरीज कोणाला आत येऊ दिले नाही. एका सपाट फळीवर यंत्राच्या वर्तुळाएवढे अचूक वर्तुळ आखले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून पितळी कडा तसूतसूने बाहेर ओढीत ती त्या रेषेवर आणावयास आरंभ केला. वाकलेल्या आऱ्या लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केल्या. सहा आठवडे हे चालले. शेवटी वर्तुळ पुन्हा जवळजवळ पूर्ववत झाले. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. राहिलेला दोष झाकण्याची युक्ती मोजणीच्या रीतीतच होती. वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवरचे आकडे वाचायचे, वर्तुळ फिरवून तोच कोन पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि सर्वांची सरासरी काढायची. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने पुष्कळशी फिटते.

दोर कोणी धरला होता, तुटल्यावर कोणाला दुखापत झाली काय, हातोडा कोणी चालविला, यांची नावे या हकिकतीत येत नाहीत. हिमालयापर्यंतच्या पुढच्या साऱ्या वाटेवर हीच रीत चालू राहिली.

त्रिकोणांची मुख्य माळ तंजावरच्या पश्चिमेकडून, कन्याकुमारीपासून बेंगळुरूवरून उत्तरेकडे सरकत होती. तंजावर-नागपट्टणचे त्रिकोण ही तिची एक फांदी. गुत्ती, बीदर असे टप्पे घेत ही माळ वऱ्हाडापर्यंत आली. १८१८ मध्ये एव्हरेस्ट लॅम्टनच्या हाताखाली दाखल झाला. सत्तरीच्या घरात पोहोचलेला, क्षयाने खंगलेला लॅम्टन हैदराबादेहून नागपूरकडे निघाला असता १८२३ च्या २० जानेवारीला वर्धेजवळ हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. कापसाच्या बाजारासाठी हिंगणघाट साऱ्या महाराष्ट्राला माहीत. पण पृथ्वीचा आकार मोजायला निघालेला हा माणूस विदर्भाच्या मातीत विसावला आहे, हे तिथल्या लोकांनाही क्वचितच ठाऊक असते.

पुढचे काम एव्हरेस्टने चालविले, आणि गंगा-यमुनेच्या दुआबात त्याला पुन्हा कावेरीकाठचाच प्रश्न भेटला. सपाट जमीन, दाट झाडी, धुळीने भरलेली हवा. येथे तंजावरसारखी गोपुरे नव्हती. म्हणून त्याने खास मोजणीसाठी सुमारे पन्नास फूट उंचीचे पक्के मनोरे बांधविले आणि रात्रीच्या गार, स्थिर हवेत दिव्यांचे वेध घेण्याची पद्धत रूढ केली. तंजावरला जायबंदी झालेले ते यंत्र लंडनहून आलेल्या हेन्री बॅरो या कारागिराने नव्याने बांधले. बॅरोच्या मागून यंत्रांचे काम आले ते अर्काटच्या सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्याकडे. तमिळ मुलखातला हा कारागीर, इंग्रजी लिहिता-वाचता येत नसताना, त्या काळच्या सर्वांत अचूक उपकरणांचा जाणकार ठरला. ज्या हातांची नावे नोंदली गेली, त्यांपैकी हे एक. १८४१ पर्यंत कन्याकुमारीपासून डेहराडूनच्या डोंगरांपर्यंतची पंधराशे मैलांची कमान पुरी झाली. १८४३ मध्ये एव्हरेस्ट मायदेशी परतला.

डोंगर समोर उभे होते, पण जवळ जाता येत नव्हते. नेपाळ दरबार परक्यांना आत येऊ देत नसे. त्यामुळे त्रिकोणांची एक माळ तराईच्या जंगलातून पूर्वेकडे नेली गेली, आणि तेथे हिवतापाने कितीतरी अधिकारी व त्यांहून कितीतरी अधिक नोकर दगावले. बर्फात जितकी माणसे मेली, त्यांहून अधिक बर्फाच्या पायथ्याशी मेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८४९-५० मध्ये जेम्स निकल्सनने बिहारच्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैलांवरच्या एका शिखराचे वेध घेतले. कागदोपत्री ते ‘शिखर पंधरावे’ होते. प्रकाशकिरण विरळ आणि दाट हवेतून येताना वाकतो. त्या वाकण्याचा हिशोब केला नाही, तर उंचीत शेकडो फुटांची चूक पडते. या आकडेमोडीत मुख्य गणक राधानाथ शिकदार यांचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. सरासरी बरोबर २९,००० आली होती आणि लोकांना ती अदमासे धरलेली वाटू नये म्हणून वर दोन फूट चढविले, असे गमतीने सांगतात. १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने ती उंची २९,०२८ फूट ठरविली. नेपाळ व चीन यांनी २०२० मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. शंभर मैलांवरून, भाताच्या शेताएवढ्या सपाट भूमीवरून काढलेली उंची तीस फुटांनी चुकली. शिखराला नाव मिळाले ते तेरा वर्षांपूर्वी देश सोडून गेलेल्या एव्हरेस्टचे. हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असे स्वतः त्यानेच म्हटले होते. तंजावरला सहा आठवडे तंबूत बसलेल्या लॅम्टनच्या वाट्याला मात्र शिखर आले नाही.

सपाटीवरून पाहून जे भागले, ते तेवढेच. काश्मीर, लडाख, स्पिती येथे प्रत्यक्ष वर जावे लागले. १८५६ मध्ये मोंटगोमरीने काश्मीरच्या हरमुख पर्वतावरून सव्वाशे मैलांपलीकडची काराकोरमची शिखरे टिपली. त्यांतल्याच एकाला ‘के टू’ म्हणतात. सोळा हजार फुटांवर बर्फ उपसून खालचा खडक उघडा करायचा, त्यावर यंत्र पक्के बसवायचे आणि ढग हटण्याची वाट पाहत दिवसचे दिवस काढायचे. दोन पावले टाकली की छाती भरून येते, पाणी उकळते पण डाळ शिजत नाही, बोटे पितळाला चिकटतात. यंत्राच्या पेट्या, सरपण, खांब हे सर्व माणसांच्या पाठीवर वर जाई. मोजणीखात्यात या माणसांना खलाशी म्हणत. आपल्या कोकणातला खलाशी समुद्रावरचा. हे मात्र समुद्रापासून शेकडो मैल दूर, बर्फावरचे खलाशी. १८६० मध्ये त्यांच्यापैकी एकजण स्पितीतल्या शिल्ला नावाच्या शिखरावर निशाणीचा खांब घेऊन चढला. त्या वेळच्या हिशोबाप्रमाणे ती उंची तेवीस हजार फुटांवर भरली आणि पुढे कित्येक वर्षे जगातली सर्वांत उंच चढाई म्हणून सांगितली गेली. नंतरच्या मोजणीत शिखर वीस हजारांच्या थोडे वर उतरले. विक्रम पुसला गेला. पण वीस हजार फुटांवर, दोरखंड आणि खिळ्यांच्या जोड्यांविना, महिन्याच्या काही रुपयांवर खांद्यावरून खांब नेणारा माणूस उंची कमी भरल्याने लहान होत नाही. त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही.

तिबेटात तर यंत्रही नेता येत नव्हते. तेव्हा कुमाऊंतल्या मिलम गावचे नैनसिंग रावत निघाले. डेहराडूनला त्यांना सारखी पावले टाकण्याचे शिक्षण मिळाले होते. वाट चढणीची असो की उतरणीची, दोन हजार पावलांचा एक मैल. हातातल्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी सोडायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद, कवडीत लपविलेला पारा, आणि पाणी कोणत्या उष्णतेला उकळते यावरून उंची काढण्यासाठी काठीत तापमापक. यात्रेकरूच्या वेषात ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले आणि सुमारे बाराशे मैलांची वाट मोजून परत आले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

कमानीचा दक्षिणेकडचा भाग मात्र एव्हरेस्टच्या नव्या पद्धतीपुढे कच्चा ठरला. तो पुन्हा मोजावा लागला. १८६८ मध्ये बेंगळुरूजवळ आणि १८६९ मध्ये कन्याकुमारीजवळ नव्या पायारेषा मोजल्या गेल्या. लॅम्टनच्या आकड्यांत मोठे दोष निघाले म्हणून हे केले नाही. दोष नाहीत याची खात्री नव्या साधनांनी करून घेतली. तंजावरला आपटलेले ते मोठे यंत्र डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागाकडे जपून ठेवले आहे.

आणि तंजावरला जे राहिले, तेही सांगितले पाहिजे. तमिळ मुलखात कुरवंजी नावाचा एक नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरात राहणारी एक भविष्य सांगणारी स्त्री सपाटीवर उतरते आणि आपल्या पर्वताचे वैभव गाऊन दाखविते. सरफोजीराजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे असे एक मराठी नाटक आहे. त्यात ही डोंगरची बाई आपल्या एकट्या पर्वतावर थांबत नाही. ती साऱ्या पृथ्वीचा भूगोल, खंडे, देश, यांचे वर्णन मराठी पदांतून करते. १९५० मध्ये हे नाटक सरस्वती महालाने छापले. कावेरीच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे घरात अजूनही आपली जुनी मराठी बोलतात. त्यांच्या भाषेत, दोनशे फूट उंचीच्या मुलखात बसून लिहिलेल्या या नाटकात, डोंगरावरून आलेली ती बाई श्रोत्यांना जग दाखवीत उभी आहे.